मुख्यालयी अनुपस्थित

धारखिंड, ता. मुरबाड
२० जुलै २०२५

आत्या,

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि हे मला ओरडून सांगायचं नाही, म्हणून लिहितेय. बाबांना पत्र दाखवू नकोस.

मंगळवारी माझ्या हातात एक बाई गेली. मालू. तेवीस वर्षांची, सिद्धगडाच्या अंगावरच्या वाडीतली. नवरा बुधू आणि त्याच्या भावांनी बांबूला चादर बांधून तिला झोळीतून खाली आणलं. सकाळी साडेसातला ती आमच्या आरोग्य केंद्रात होती. दहा चाळीसला मुलगी झाली. रडली, सगळं नीट. आणि मग मालूचं रक्त थांबेना. इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या, पोट दाबून धरलं. तू पस्तीस वर्षं नर्स होतीस, तुला पुढचं सांगायला नको. तिला रक्त चढवायला हवं होतं आणि ते मुरबाडला. मी ओरडले, "गाडी काढा!" सरस्वती सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, गाडी नाय."

आमची ॲम्ब्युलन्स नऊलाच गेली होती. एका पुढाऱ्याच्या सत्काराला! मंडपाशेजारी ॲम्ब्युलन्स उभी असली की कार्यक्रम मोठा दिसतो म्हणे. दुसरी सरकारी गाडी सव्वा तास लांब. शेवटी रस्त्यावर खताच्या गोण्यांचा पिकअप अडवला, गोण्या चिखलात टाकल्या आणि मालूला मागे घातलं. मी तिच्याशेजारी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी तिचं पोट दाबत होते. प्रत्येक खड्ड्याला हात सुटायचे. ती मला सारखी विचारत होती, "पोरगी कुठं हाय?" मुरबाड सहा किलोमीटर राहिलं होतं तेव्हा तिने विचारणं थांबवलं.

संध्याकाळी चारला ड्रायव्हर अनंता गाडी घेऊन परत आला. हातात सत्कारातल्या नाश्त्याचं पाकीट. माझा तोल गेला. सगळ्या पेशंटांसमोर, सगळ्या स्टाफसमोर मी त्याला म्हणाले, "तू मारलंस तिला." तो पाकीट टेबलावर ठेवून बाहेर गेला. मला वाटलं, बोलणार काय?

मी राजीनामा लिहून ठेवलाय. दीड वर्ष झालं इथे. असल्या ठिकाणी डॉक्टर व्हायला मी शिकले नाही.

समीक्षा

*

तानसा
२७ जुलै

समीक्षा,

तुझं पत्र वाचलं, डोळ्यांत पाणी आलं आणि मग राग आला. त्या सत्कारवाल्यांचा आलाच. तुझाही आला.

राजीनामा द्यायचा तर दे, मी अडवणार नाय. पण एवढं मोठं पत्र लिहिलंस, त्यात त्या पोरीबद्दल एक ओळ नाय. मालू मरताना विचारत होती ना, पोरगी कुठं हाय? मग कुठं हाय? दूध कोण पाजतंय? आमच्या वेळेला बाळंतीण गेली की सिस्टर आधी तान्ह्याकडं बघायची, मग रडायची.

आणि ड्रायव्हरला बोललीस ते काय? ड्रायव्हर आपल्या मनानं गाडी सत्काराला नेतो का गो? त्याला कुणी पाठवला, फोन कुणाचा होता, विचारलंस? तू तिथली मुख्य आहेस. मुख्यानं आपल्याच माणसाला चारचौघांत फाडला की बाकीचे एकच शिकतात, गप बसायचं. मी असल्या डॉक्टरांच्या हाताखाली उभं आयुष्य काढलंय. पेशंट निळा पडायला लागला तरी सांगायला जीभ उचलायची नाय, साहेब अंगावर येतील म्हणून.

जेव. अंघोळ कर. मग लिही.

तुझी आत्या, भागीरथी

*

धारखिंड
६ ऑगस्ट

आत्या,

मुलगी बुधूच्या आईकडे आहे. वाडीतली एक ओली बाळंतीण तिला पाजते. हे मला सरस्वती सिस्टरांना विचारून कळलं, आणि विचारताना मान वर करवली नाही. वजन कमी आहे, पण अंग धरतेय. आता दर आठवड्याला सिस्टर वर जाऊन वजन करतात.

आता माझं ऐक. मला नोटीस आली आहे. तिच्यातली ओळ जशीच्या तशी लिहिते: "सदर दिवशी दुपारी बारा ते चार या वेळेत आपण मुख्यालयी अनुपस्थित होता, याचा खुलासा करावा." अनुपस्थित! मी त्या पिकअपमध्ये गुडघ्यावर होते आत्या. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते. आणि यांच्या कागदावर मी गैरहजर.

याहून पुढचं ऐक. अनंताने लेखी जबाब दिलाय की गाडी न्यायला डॉक्टर मॅडमनीच परवानगी दिली. तू त्याची बाजू घेत होतीस ना? धादांत खोटं! मला कुणी विचारलंच नव्हतं. केंद्रात आता माझ्याशी कुणी कामापुरतंही बोलत नाही. मी आत शिरले की बोलणं थांबतं. सगळे मिळालेले आहेत.

काल आमच्या तालुक्याच्या साहेबांनी बोलावलं. चहा दिला. म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही तरुण आहात, हुशार आहात. पुढच्या महिन्यात जिल्ह्याला या मृत्यूची चौकशी बैठक आहे. अहवालात एक वाक्य घाला, नातेवाईकांनी रुग्णास उशिरा आणले. विषय संपला. नोटिशीचं मी बघतो. पुढच्या शिक्षणासाठी तुम्हाला माझं ना-हरकत पत्रही लागणार आहे ना?"

टाईप केलेला कागद माझ्या बॅगेत आहे. खरं सांगू? मी सही करणार आहे. मालू तर परत येत नाही. आणि वाडीतले लोक असले कागद थोडेच वाचतात? सही करते, शिकायला जाते, मोठ्या हॉस्पिटलात नोकरी धरते. मला इथे सडायचं नाही.

समीक्षा

*

तानसा
१२ ऑगस्ट

समीक्षा,

सही करू नको. आधी हे वाच, मग काय ते कर.

१९९७चा मे महिना. मी उंबरमाळीच्या बाजूला एका उपकेंद्रावर एकटी नर्स होते. तुझ्या बापाची हळद होती. रजा मागितली तर मिळाली नसती, म्हणून न सांगताच दाराला कुलूप घातलं आणि घरी आले. त्या दिवशी मीना नावाच्या बाईला घेऊन तिची आई ताराबाई आली. पोर आडवं होतं. चार तास ती माणसं कुलपासमोर बसली. मग बैलगाडीनं रस्त्याकडं निघाली, आणि वाटेत मीना गेली. पोटातलं पोरही गेलं.

साहेब मला बोलले, "भागीरथी, नोकरी जाईल तुझी. एक ओळ लिही." मी लिहिली. "नातेवाईकांनी रुग्णास उशिरा आणले." तीच ओळ समीक्षा, अठ्ठावीस वर्षांत त्यांना दुसरी सुचलेली नाय. मी सही केली. पुढं माझी बढतीसुद्धा झाली. तुझ्या आईबापाच्या लग्नाच्या फोटोत मी हळदीचं बोट दाखवून हसतेय ना, तो फोटो त्याच दिवसाचा.

ताराबाई मला बाजारात भेटायची. दर वेळी जवळ यायची आणि विचारायची, "सिस्टर, आमी खरंच उशीर केला का गो?" आणि मी बोलायची, "हो ताराबाय, थोडा लवकर आणली असती तर."

एकदा नाय. किती वर्षं, किती वेळा.

तू लिहितेस की लोक कागद वाचत नाहीत. कागद वाचत नाहीत, पण त्यातलं त्यांना आयुष्यभर सोसावं लागतं. तुला सडायचं नाय ना तिथं? मग ऐक, सही केलीस तर कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात गेलीस तरी आतून सडशील. मला बघ.

अनंताच्या घरी जा. त्याला केबिनमध्ये बोलावू नको, तू त्याच्या दारात जा. आणि त्या दिवशी कुठल्या तासाला काय झालं ते सगळ्यांना बसवून लिहून काढ, त्यांना आठवतंय तोवर.

भागीरथी

*

धारखिंड
२० ऑगस्ट

आत्या,

लहानपणी तुझी पांढरी साडी बघून मी ठरवलं होतं की दवाखान्यात काम करायचं. शाळेतल्या निबंधात मी तुझ्यावर लिहिलं होतं, आणि तो तू बारशाला, साखरपुड्याला सगळ्यांना वाचून दाखवायचीस. वाचून दाखवताना तुला काही वाटत नव्हतं?

मी काय करणार ते आत्ता सांगत नाही. तू ताराबाईंना खोटं सांगितलंस आणि मला खरं सांगतेस, कारण मी घरातली. हे पत्र तू मला नाही, त्यांना लिहायला हवं होतं.

समीक्षा

*

तानसा
७ सप्टेंबर

समीक्षा,

तुझं म्हणणं बरोबर होतं, म्हणून गेले. पत्र नाय लिहिलं, ताराबाईला वाचता येत नाय. कसाऱ्याच्या गाडीनं उंबरमाळीला उतरले आणि चढ चढून तिच्या घरी. ऐंशीची असेल आता. ओट्यावर मोहाच्या टोळंब्या, तेलाच्या बिया, दगडानं फोडत बसली होती.

मी उभ्यानंच बोलले, "ताराबाय, तुमचा उशीर नव्हता. मी नव्हते. दाराला कुलूप मी घातलं होतं."

तिनं हातातला दगड खाली ठेवला नाय. मला ऐकू कमी येतं हे तिला ठाऊक, म्हणून मोठ्यानं बोलली, आजूबाजूच्या घरांतली माणसं बाहेर आली. बोलली, "ते मला म्हाईत हाय. कुलूप माझ्या डोळ्यांसमोर होतं चार तास. मी तुला विचारत होते ती तू खरं कधी बोलतंस ते बघायला. म्हातारी झाले तुझी वाट बघून."

मी पाया पडायला वाकले तर पाय मागं घेतले तिनं. "नको," बोलली. "पानी पी आन् जा."

पाणी प्याले आणि आले. तिनं माफ नाय केलं. करू नयेच.

तुझं काय झालं?

भागीरथी

*

धारखिंड
२८ सप्टेंबर

आत्या,

तुझं पत्र माझ्याजवळ आहे. त्यावर काय लिहायचं ते मला कळत नाही. तू गेलीस, एवढंच पुरे.

मी सही केली नाही.

ऑगस्टच्या शेवटी अनंताच्या घरी गेले. तो भातातलं तण काढून आला होता, पायाला चिखल. मी त्याच्या बायकोसमोर म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले. चुकले मी. सगळ्यांसमोरच माफी मागणार आहे." तो बराच वेळ पाय धूत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मला साहेबांच्या ऑफिसातून फोन आला, गाडी आण. मी बोललो, मॅडमला विचारतो. सिस्टर तुमाला विचारायला आत गेल्या. बाहेर येऊन बोलल्या, मॅडमनी मान हलवली. मी गेलो. मी खोटं नाय लिहिलं."

मला रागच आला पुन्हा. मी कधी मान हलवली?

दुसऱ्या दिवशी ओपीडी संपल्यावर सगळ्यांना बसवलं. मी धरून आठ जण. अनंताची माफी मागितली. मग म्हणाले की त्या दिवसाचा तास न् तास लिहून काढायचा आहे आणि सुरुवात माझ्या चुकीपासून. आत्या, हे मी तुलाही सांगितलं नव्हतं. मालूच्या अंगात रक्त फार कमी होतं. धोक्याच्या गरोदर बायांच्या यादीत तिचं नाव जूनमध्येच होतं. तिला आठ दिवस आधी मुरबाडला हलवायला हवं होतं. त्या यादीखाली माझी सही आहे. मी न वाचता केली होती.

मग सरस्वती सिस्टर बोलल्या. "मॅडम, मी तुमाला विचारलं होतं. पावणेनऊला. टेबलासमोर साठ पेशंट होते. मी बोलले, गाडी मागतात, पाठवू का? तुमी लिहीत होतात. मान हलवलीत. मला तवाच वाटलं, तुमी ऐकलं नाय. पण परत विचारलं तर तुमी चिडता."

परत विचारलं तर तुमी चिडता. तू लिहिलं होतंस तेच, आत्या. मी वाचून रागावले होते.

मग सगळे बोलायला लागले. औषधं देणाऱ्या शेखरने सांगितलं, गेल्या वर्षात गाडी पाच वेळा अशीच गेली होती. लॉगबुकात अनंताने दर वेळी "तोंडी आदेशाने" असं लिहून ठेवलंय. चार पानं झाली. खाली आठ जणांच्या सह्या.

मंगळवारी बैठक होती. लांबलचक टेबल, जिल्ह्याचे मोठे साहेब मधे, आमचे साहेब शेजारी. बुधू आणि त्याची आई भिंतीलगतच्या बाकावर. आमच्या साहेबांनी त्यांचा तोच कागद वाचला. मी उठायच्या आत बुधू उठला. म्हणाला, "तो कागद इकडं द्या." कुणी देईना. तो स्वतः टेबलापाशी आला, कागद उचलला आणि बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. "उ-शि-रा आ-ण-ले." मग साहेबांकडे बघून, "पाचला निघालो आमी. पाऊस होता. माझा भाऊ दोनदा पडला पन झोळी खाली ठेवली नाय. तुमची गाडी कुठं होती?"

"शांत राहा," आमचे साहेब म्हणाले.

मग मी वाचलं. चारही पानं. माझी सही, माझी मान, फोन कुठून आला, गाडी कुठे उभी होती. आवाज चढत होता, मी चढू दिला. साहेब मधे म्हणाले, "डॉक्टर, भावनेच्या भरात तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध लिहून देताय." मी म्हणाले, "हो, लिहून देतेय. माझं मी दिलं, आता तुमचं तुम्ही द्या." आणि बुधूच्या आईकडे वळून सांगितलं, "तुमचा उशीर नव्हता. आमचा होता."

तिने बुधूचा हात धरून त्याला पुन्हा बाकावर बसवलं. मोठ्या साहेबांनी चार पानं आणि लॉगबुक ठेवून घेतलं.

निकाल काय? उशिराची ओळ अहवालातून गेली. यापुढे डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय गाडी हलणार नाही असा आदेश निघाला. मला यादीबद्दल लेखी समज मिळाली, ती मला मिळायलाच हवी होती. आमचे साहेब जागेवर आहेत. ना-हरकत पत्र या वर्षी नाही. राजीनामा मी दिला नाही, देणारही नाही. अजून राग आहे, पण आता मी यादी वाचते. रोज सकाळी आठला दहा मिनिटं सगळे उभे राहतो आणि सर्वांत आधी सफाईवाली हर्षाली बोलते. परवा तिनेच सांगितलं की प्रसूतीच्या खोलीतला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा आहे.

समीक्षा

*

तानसा
८ ऑक्टोबर

समीक्षा,

चांगलं केलंस. शाब्बास नाय लिहीत, बाई गेलीय.

सगळ्यांचं लिहिलंस, अनंताचं शेवटी काय ते लिहिलं नायस. असल्या बैठकीनंतर साहेब लोक मोठ्यांना हात लावत नाय. सर्वांत खालच्याला शोधतात. त्याच्याकडं बघ.

भागीरथी

*

धारखिंड
१९ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी अनंताला काढलं. तो कंत्राटावर होता. कागदावर कारण लिहिलंय: "गैरवर्तन." नऊ वर्षं त्याने या घाटातून गाडी चालवली. त्याच्या गाडीत तीन बायका बाळंत झाल्या, त्याने गाडी बाजूला घेऊन दिवा धरला. गैरवर्तन!

जुलैत असं झालं असतं तर मी केबिनमध्ये बसून राजीनामा लिहिला असता. या वेळी सकाळच्या दहा मिनिटांत कागद सगळ्यांसमोर वाचला आणि विचारलं, काय करायचं? शेखर म्हणाला, अर्ज करायचा. सरस्वती सिस्टर म्हणाल्या, नुसता अर्ज नाय, घेऊन जायचा, आणि हातोहात पोच घ्यायची. मी मसुदा लिहिला, त्यांनी माझी तीन वाक्यं खोडली. म्हणाल्या, "मॅडम, इथं राग जास्त झाला, मुद्दा गेला." खरंच गेला होता.

आम्हा सातजणांच्या सह्या झाल्या. मी तोंड उघडलं तर बैठकीनंतर बाजूला पडलेली ती गैरहजेरीची नोटीस पुन्हा उघडेल हे मला ठाऊक आहे. सिस्टरांची निवृत्ती दोन वर्षांवर आहे, त्यांनाही ठाऊक आहे. त्यांनी सर्वांत आधी सही केली.

काल मुलीच्या लसीसाठी बुधू आणि त्याची आई खाली आले होते. अर्ज टेबलावर पडला होता. बुधूने विचारलं, हे काय. मी सांगायला कचरले. ज्या दिवशी त्याची बायको गेली त्या दिवशी गाडी याच माणसाच्या हातात होती. तरी सांगितलं. त्याने मुलगी आईकडे दिली, खुर्ची ओढली आणि पेन मागितलं.

मी म्हणाले, "बुधू, तुम्ही सही करायलाच हवी असं काही नाही."

तो म्हणाला, "गाडी गेली ती त्याच्यामुळं नाय. ज्यांनी नेली त्यांची नावं कुठं लिवलीत? ती लिवा आधी."

नावं लिहिलेली नव्हती. आम्ही सातही जण ती ओळ टाळून गेलो होतो. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी पान फाडलं, नवं घेतलं आणि पहिल्याच ओळीत साहेबांचं नाव, हुद्दा आणि फोन आल्याची वेळ लिहिली. त्याखाली बुधूने पहिली सही केली. मग आम्ही सात.

उद्या सकाळी ओपीडी शेजारच्या केंद्राच्या डॉक्टरांवर सोपवून, रीतसर रजा टाकून, सरस्वती सिस्टर, बुधू आणि मी, आम्ही तिघं अर्ज घेऊन ठाण्याला मोठ्या साहेबांकडे जातोय.

समीक्षा